फाशीचे दोन साक्षीदार

इंग्लंडमधली सोळा वर्षांची मुलं दर उन्हाळ्यात जीसीएसईच्या परीक्षेला बसतात. त्यातला इंग्रजी भाषेचा दुसरा पेपर पावणेदोन तासांचा आणि ८० गुणांचा. एक्यूए या तिथल्या मोठ्या परीक्षा मंडळाने या पेपरला नावच मुळी लेखकांच्या दृष्टिकोनांवरून दिलं आहे. मुलांपुढे दोन उतारे येतात. दोन्ही कथा-कादंबरीच्या बाहेरचे: एक एकोणिसाव्या शतकातला आणि दुसरा विसाव्या किंवा एकविसाव्या शतकातला. शंभर-दीडशे वर्षांचं अंतर असलं तरी विषय एकच. २०१७ साली ही परीक्षा नव्या रूपात पहिल्यांदा झाली, तेव्हा वाचनाचे प्रश्न पायऱ्यापायऱ्यांनी चढत नेले होते: पहिला ४ गुणांचा, दुसरा ८, तिसरा १२ आणि चौथा १६. या चौथ्या प्रश्नाबद्दल मला लिहायचं आहे. दोन लेखक एकाच गोष्टीकडे कोणत्या नजरेने पाहतात आणि ती नजर वाचकापर्यंत पोचवण्यासाठी काय काय करतात, याची तुलना करा, असं त्यात विचारलेलं असतं. हाताशी वेळ वीसेक मिनिटांचा.

शालेय परीक्षेत विचारले जाणारे जे भाषेचे प्रश्न मला ठाऊक आहेत, त्यांत हा सर्वांत मोलाचा आहे असं माझं मत आहे. आणि सर्वांत जास्त बिघडवून शिकवला जातो तोही हाच.

बिघडतो तो असा. शिकवताना मुलांच्या हातात साधनांची एक यादी दिली जाते: उपमा, रूपक, अतिशयोक्ती, पुनरुक्ती, वाचकाला थेट विचारलेला प्रश्न, एकापाठोपाठ एक तीन विशेषणं. मुलं ती यादी घेऊन उताऱ्यात शिरतात आणि सापडेल त्याखाली रेघ मारतात. मग उत्तर तयार होतं: पहिला लेखक उपमा वापरतो, दुसराही उपमा वापरतो, त्यामुळे वाचकाची उत्सुकता वाढते. यातलं काहीही खोटं नाही आणि यातून काहीही कळत नाही. तिथले शिक्षक या प्रकाराला ‘फीचर स्पॉटिंग’ म्हणतात आणि त्याबद्दल हळहळतातही. दुसरा बिघाड याहून साधा आहे. विद्यार्थी एका उताऱ्याचा सारांश लिहितो, मध्ये ‘याउलट’ टाकतो आणि दुसऱ्याचा सारांश लिहितो. दोन सारांश शेजारी ठेवले म्हणजे तुलना झाली असं त्याला वाटतं.

परीक्षकाकडे मात्र साधनं मोजायचा तक्ता नसतो. चार पायऱ्या असतात. तळाच्या पायरीवर दोन उताऱ्यांमधला एखादा साधा फरक दाखवलेला असतो, तिथे १ ते ४ गुण. तुलनेचा प्रयत्न दिसला तर ५ ते ८. तुलना स्पष्ट आणि मुद्द्याला धरून असली तर ९ ते १२. १३ ते १६ गुण मर्म ओळखून, बारकाव्यानिशी केलेल्या तुलनेला. ज्या उद्दिष्टावर हे गुण बेतले आहेत ते एका वाक्याचं आहे, आणि लेखकांचे विचार व ते पोचवण्याची रीत या दोन्ही गोष्टी त्याने त्या एकाच वाक्यात बांधून टाकल्या आहेत. मर्म या गाठीत आहे. लेखकाला काय वाटतं ते आधी लिहायचं आणि त्याने कोणती अलंकारिक भाषा वापरली ते नंतर जोडायचं, असं करून भागत नाही. तो ज्या रीतीने सांगतो त्या रीतीतच त्याचं मत असतं. कधी कधी तर त्याने उघड न सांगितलेलं मतही तिथेच सापडतं.

हे खऱ्या उताऱ्यांवर पाहायला हवं. मी घेतो आहे ती जोडी फाशीची आहे.

१३ नोव्हेंबर १८४९. लंडनच्या दक्षिण भागात हॉर्समाँगर लेन तुरुंगाच्या छतावर मारिया आणि फ्रेडरिक मॅनिंग या नवराबायकोला सर्वांसमोर फाशी दिलं गेलं. ओळखीच्याच एका माणसाचा पैशासाठी खून करून त्यांनी त्याचं प्रेत स्वयंपाकघरातल्या फरशीखाली पुरलं होतं. वर्तमानपत्रं महिनोन् महिने त्या प्रकरणाने भरली होती. फाशी बघायला हजारोंची गर्दी जमली. चार्ल्स डिकन्सनेही मित्रांबरोबर समोरच्या घरात जागा भाड्याने घेतली होती. त्याच दिवशी त्याने ‘द टाइम्स’च्या संपादकाला पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते छापून आलं.

डिकन्स सुरुवातीलाच सांगून टाकतो की तो गेला होता गर्दी बघायला. आणि खरोखरच पत्रभर त्याची नजर गर्दीवरून हलत नाही. मध्यरात्रीपासूनच पोरापोरींचं किंचाळणं आणि आरोळ्या सुरू होतात. उजाडल्यावर चोर, वेश्या आणि गुंड येऊन मिळतात. शिट्ट्या, घाणेरडे विनोद, कठपुतळीच्या खेळातल्या पंचची नक्कल. तेव्हाच्या एका लोकप्रिय अमेरिकन गाण्यात मॅनिंगबाईचं नाव घालून ते गाणं गायलं जातं. गर्दीत भोवळ आलेल्या बायकांना पोलीस ओढून बाहेर काढतात तेव्हा लोक आणखीच चेकाळतात. मग सूर्य उगवतो. हजारो वर वळलेले चेहरे त्या उजेडात झळाळतात, आणि त्या चेहऱ्यांवरचं क्रूर हसू पाहून लेखकाला शिसारी येते. दोन जीव प्रत्यक्ष लटकतात ते एका लांबलचक वाक्याच्या पोटात, जाता जाता. आणि तिथेही सांगायचं असतं ते एवढंच की गर्दीवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही.

हे पत्र आहे हे विसरून चालणार नाही. ‘द टाइम्स’ वाचणारा माणूस घरंदाज, चर्चला जाणारा, मालमत्ता राखून असलेला. डिकन्स त्याला गुन्हेगाराबद्दल कळवळा आणायला सांगत नाही, कारण तो येणार नाही हे त्याला ठाऊक आहे. तो त्याला त्याच्याच दाराशी जमलेला जमाव दाखवतो. एका वाक्यात दहा-दहा गोष्टी कोंबलेली त्याची वाक्यं वाचताना त्या दाटीत आपण सापडतो, धक्के बसतात, श्वास घ्यायला जागा मिळत नाही. मागणी मात्र अगदी मोजकी आहे. फाशी असावी की नसावी या वादात आपल्याला जायचं नाही, असं तो बजावतो. गृहमंत्री सर जॉर्ज ग्रे यांनी एवढंच करावं, ही गोष्ट तुरुंगाच्या भिंतीआड न्यावी. तीन वर्षांपूर्वी, १८४६ मध्ये, याच डिकन्सने ‘डेली न्यूज’मध्ये फाशीची शिक्षाच रद्द करा म्हणून पत्रं लिहिली होती. १८४९ मध्ये तो एक पायरी खाली उतरला, आणि शिक्षा पुरती रद्द करा म्हणणाऱ्या त्याच्या मित्रांना ते रुचलं नाही.

आता दुसरा उतारा. ऑगस्ट १९३१ मध्ये लंडनच्या ‘अडेल्फी’ या नियतकालिकात एरिक ब्लेअर या नावाने एक छोटा लेख आला, ‘अ हँगिंग’. जॉर्ज ऑरवेल हे टोपणनाव त्याने पुढे दोन वर्षांनी घेतलं. ब्लेअर १९०३ साली बिहारमध्ये मोतीहारीला जन्मला होता आणि १९२२ ते १९२७ या काळात तो ब्रह्मदेशात इंडियन इंपीरियल पोलिसांत नोकरीला होता. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत. लेखातली फाशी तिथल्या एका तुरुंगातली आहे.

गर्दी नाही. पावसाने भिजलेली सकाळ, जनावरांच्या पिंजऱ्यांसारख्या कोठड्या आणि एक किरकोळ अंगाचा हिंदू कैदी. त्याला धरायला सहा उंच हिंदी वॉर्डर. सुपरिंटेंडंटला घाई झाली आहे, कारण हे काम उरकल्याशिवाय बाकीच्या कैद्यांना सकाळचं खाणं मिळणार नाही. वाटेत एक कुत्रा कुठूनसा येतो, शेपूट हलवत सगळ्यांभोवती उड्या मारतो आणि कैद्याचा चेहरा चाटायला बघतो. त्याला पकडताना साहेबांची तारांबळ उडते. मग पुन्हा चालणं सुरू. फासाचा तख्ता चाळीसेक यार्डांवर राहिला असताना, दोन्ही खांदे वॉर्डरांच्या मुठीत असतानाही, कैदी वाटेतलं डबकं चुकवायला किंचित बाजूला पाऊल टाकतो.

एवढंच. पण निवेदक तिथे थांबतो. धडधाकट, जाणता माणूस मारणं म्हणजे काय हे आपल्याला त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं, असं तो सांगतो. या माणसाचं शरीर अजून आपलं काम करतं आहे, नखं वाढताहेत, डोकं विचार करतं आहे, आणि पाय ओले होऊ नयेत याची काळजीही घेतं आहे. वादविवादाने जे साधलं नसतं ते त्या एका पावलाने साधलं आहे.

तख्त्यावर उभा राहिल्यावर कैदी ‘राम, राम’ म्हणू लागतो, न थांबता, एकाच ठेक्यात. इंग्रज वाचकासाठी लेखक एवढंच सांगतो की तो आपल्या देवाला हाका मारतो आहे. अंत्ययात्रेच्या मागे चालताना जे नाव कानावर येतं तेच नाव इथे मरणारा माणूस स्वतः घेतो आहे, हे मराठी वाचकाला कोणी सांगावं लागत नाही. लंडनमधल्या मराठी घरातली एखादी मुलगी हा उतारा वाचत असेल तर ती शेजारच्या बाकावरच्या मुलापेक्षा वेगळं काही ऐकत असेल, आणि तिने ते उत्तरात जरूर लिहावं. तो आवाज ऐकून गोऱ्यांचे आणि हिंदी शिपायांचे चेहरे उतरतात. हे लवकर संपो, एवढंच सगळ्यांना वाटत असतं.

संपल्यावर सुपरिंटेंडंट घड्याळ बघतो. आठ वाजून आठ मिनिटं. सगळ्यांना हलकं वाटतं. हेड जेलर जुन्या फाशींचे किस्से सांगतो, लोक हसतात, निवेदकही मोठ्याने हसतो. सुपरिंटेंडंटच्या गाडीत व्हिस्की असते. गोरे आणि तिथले लोक मिळून पितात. मेलेला माणूस शंभर यार्डांवर आहे.

ऑरवेलने ही फाशी डोळ्यांनी पाहिली होती की हे रचलेलं आहे, यावर त्याच्या चरित्रकारांत मतभेद आहेत. परीक्षेच्या भाषेत अशा लेखनाला साहित्यिक वळणाचं ललितेतर गद्य म्हणता येईल, आणि विद्यार्थ्याला त्याचा निकाल लावायची गरज नाही. त्याने बघायचं ते लेखात काय ठेवलं आहे आणि काय वगळलं आहे. वगळलेली मोठी गोष्ट म्हणजे कैद्याचा गुन्हा. तो शेवटपर्यंत कळत नाही, त्याचं नावही कळत नाही. मॅनिंग दांपत्याचा गुन्हा घराघरात ठाऊक होता, म्हणून डिकन्सला त्यांच्याकडे पाठ फिरवून गर्दीकडे बघता आलं. ऑरवेलने गुन्हा सांगितला असता तर वाचकाने लगेच तराजू हातात घेतला असता: याने हे केलं, मग याला हे व्हावं की नको? गुन्हा गाळून त्याने तो तराजूच काढून घेतला. ही पद्धत आहे, आणि हेच मतही आहे. ते कोणत्याही अलंकाराच्या यादीत मात्र बसत नाही.

दोघेही फाशीने अस्वस्थ झालेले लेखक आहेत. ‘दोघेही विरोधात आहेत’ असं म्हणून विद्यार्थी पुढे गेला तर त्याचं उत्तर दुसऱ्या पायरीवर अडकतं. मला या जोडीत सर्वांत धरून ठेवते ती गोष्ट हसण्याची. दोन्हीकडे फाशीच्या जागी लोक हसतात. डिकन्सच्या पत्रात हसणारे ‘ते’ आहेत. लेखक वर आहे, भाड्याने घेतलेल्या जागेत, आणि हसणारे खाली रस्त्यावर. त्याच्या संतापाला ही उंची लागते. ऑरवेलच्या लेखात हसणारे ‘आम्ही’ आहेत. निवेदक तुरुंगाच्या आवारात, सरकारी माणसांत, स्वतः हसणाऱ्यांत उभा आहे. तो कोणावर रागावत नाही, कुणाला जाब विचारत नाही. डिकन्सला वाटतं की गर्दी दूर केली तर समाज सावरेल. ऑरवेलच्या इथे गर्दी आधीच दूर आहे, सगळं शिस्तीत, घड्याळ लावून झालं आहे, आणि तरीही शेवटी तेच हसू येतं.

इथे दोन उताऱ्यांमधला काळही बोलू लागतो. डिकन्सची मागणी १८६८ साली मान्य झाली. त्या वर्षी मे महिन्यात न्यूगेट तुरुंगाबाहेर मायकेल बॅरेटला दिलेली फाशी ही इंग्लंडमधली शेवटची जाहीर फाशी ठरली. त्यानंतर कायद्यानेच फाशी भिंतीआड गेली. ऑरवेल ज्या आवारात उभा आहे ते भिंतीआडचंच आवार आहे. एकाने जे मागितलं, ते मिळाल्यावर आत काय उरतं ते दुसरा दाखवतो. शतकांचं अंतर ठेवून उतारे निवडण्याची परीक्षा मंडळाची रीत अशा वेळी फार शहाणपणाची वाटते.

मग विद्यार्थ्याने लिहायचं काय? मी एक परिच्छेद लिहून दाखवतो.

‘दोन्ही लेखकांना फाशीच्या जागचं हसू सहन होत नाही, पण ते कोणाचं हसू आहे यावर त्यांचा मार्ग वेगळा होतो. डिकन्स वर्तमानपत्राला पत्र लिहितो आहे, म्हणून तो रस्त्यावरच्या जमावाचे प्रकार एकामागून एक रचत जातो. त्या लांब, दाटीच्या वाक्यांमुळे सभ्य वाचकाला हा धोका आपल्या दारापर्यंत आला आहे असं वाटतं आणि त्याने सरकारवर दबाव आणावा अशी अपेक्षा तयार होते. ऑरवेल मात्र हसणाऱ्यांत स्वतःला बसवतो. त्याची शेवटची वाक्यं छोटी आणि कोरडी आहेत, तो कोणालाच दोष देत नाही, त्यामुळे वाचकालाही दोष दुसऱ्यावर ढकलून मोकळं होता येत नाही. डिकन्सला ही घटना नजरेआड हवी आहे. ऑरवेल वाचकाला नजरेआडच्या जागी नेऊन उभं करतो.’

यात अलंकारांची नावं नाहीत. वाक्याची लांबी आहे, लेखक कुठे उभा आहे ते आहे, वाचक कोण आहे ते आहे, आणि दर दोन वाक्यांनी लेखणी एका उताऱ्यावरून दुसऱ्यावर जाते आहे. उताऱ्यातले दोन-चार शब्द अवतरणात उचलून घेतले की पुरावाही झाला. असे तीन परिच्छेद वीस मिनिटांत होतात. पाच करायला गेलं तर सगळेच पातळ होतात.

मतं जुळणारी असली तर तुलना करता येत नाही, असा मुलांचा एक समज असतो. त्यावरचा चांगला उतारा ६ जुलै १८४० च्या सकाळी सापडतो. त्या दिवशी न्यूगेटबाहेर कुर्व्वाझिए नावाच्या स्विस नोकराला मालकाच्या खुनाबद्दल फाशी दिलं गेलं. ती बघणाऱ्यांत डिकन्स होता आणि विल्यम थॅकरेही होता. थॅकरेने पुढच्याच महिन्यात ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये त्यावर लेख लिहिला. जागा वेगळी, पण तसाच जमाव, आणि त्याही काळी फाशीला विरोधच. पण थॅकरे पहाटे उठण्यापासून सगळं सांगतो, जमावातल्या माणसांशी गप्पा मारतो, त्यांच्या विनोदबुद्धीचं कौतुकही करतो, आणि अगदी शेवटच्या क्षणी आपण डोळे मिटून घेतले हे लिहितो. तो निर्णय ऐकवत नाही, लाज उघडी करतो. डिकन्सच्या पत्राशेजारी हा लेख ठेवला की एका बाजूच्या दोन माणसांतही किती अंतर असू शकतं ते दिसतं.

अनोळखी उतारा पुढे ठेवून फक्त त्याच्यावरच बोला, ही परंपरा इंग्रजी शिक्षणात केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्सने रुजवली. कवींची नावं काढून टाकलेल्या कविता त्याने विद्यार्थ्यांना दिल्या, त्यांनी काय लिहिलं ते तपासलं, आणि १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक काढलं. नावाचा दबाव नसला की माणूस किती चुकीचं आणि किती ताजं वाचतो, हे त्यातून दिसलं. जीसीएसईच्या पेपरात उताऱ्यावर लेखकाचं नाव आणि साल असतं, पण त्या लेखकाबद्दल काही पाठ असण्याची अपेक्षा नसते. डिकन्सच्या १८४६ च्या पत्रांची माहिती मी वर दिली ती वाचकासाठी. परीक्षेत तिच्यावाचून काही अडत नाही. हे मला फार न्याय्य वाटतं. घरात पुस्तकांचं कपाट असलेलं मूल आणि नसलेलं मूल त्या एका पानापुढे थोडं तरी जवळ येतं. इंग्रजी भाषेत चौथी श्रेणी मिळाली नाही तर तिथे सोळाव्या वर्षानंतरच्या शिक्षणातही हा विषय सोडता येत नाही, पुन्हा अभ्यासावा लागतो. त्यामुळे हे जवळ येणं मुलांच्या दृष्टीने क्षुल्लक नाही.

मुंबई-पुण्यातल्या ज्या शाळांत आंतरराष्ट्रीय जीसीएसई चालतं, तिथल्या मुलांनाही दोन मजकुरांच्या तुलनेचा असा प्रश्न येऊ शकतो. मंडळाप्रमाणे गुण आणि मजकुराची निवड बदलते, काम बदलत नाही.

एक्यूएच्या या पेपरात चौथ्या प्रश्नानंतर पाचवा आणि शेवटचा प्रश्न असतो, एकट्याचे ४० गुण. २४ मजकूर आणि मांडणीला, १६ वाक्यरचना, शुद्धलेखन आणि विरामचिन्हांना. उताऱ्यांच्याच विषयाला लागून एखादं ठाम विधान दिलेलं असतं आणि त्यावर स्वतःचं मत लेख, पत्र किंवा भाषणाच्या रूपात मांडायचं असतं. पाऊण तास मिळतो. नुकतीच दोन लेखकांची कारागिरी उलगडून पाहिलेल्या मुलाने आता आपला वाचक कोण ते ठरवायचं, वर भाड्याच्या जागेत उभं राहायचं की आवारात ते ठरवायचं, काय सांगायचं आणि काय गाळायचं ते ठरवायचं, आणि लिहायला लागायचं.